दोन हातांचं दार

मांडीवरच्या दप्तरात फोन एकदाच थरथरला आणि वर्षालीनं तो बाहेर काढला. बस मोशीच्या अलीकडे थांबली होती ती थांबलीच होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी चाकणला निघालेली एक कंपनीची बस आणि तिच्या काचांना गाल टेकून झोपलेली माणसं. फोनवर एकच ओळ होती: 'गल्लीत कुणीतरी आलंय.' हे वाक्य तिनंच लिहिलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत, पलंगावर मांडी घालून. लिहिलं, फोनला जोडलं आणि विसरून गेली, कारण कुणी आलंच नव्हतं. दाराला हौसेनं बेल बसवावी, स्वतःच दोनचारदा वाजवून पाहावी आणि मग तिच्यावर धूळ बसू द्यावी, तसं. आता ती बेल वाजली होती, तीही चालत्या, म्हणजे न चालत्या बसमध्ये.

"पिंके," तिनं शेजारी कोपर मारलं. "कुणीतरी आलंय."

"कुठंय?" पिंकीनं मान वळवून बसच्या दाराकडे पाहिलं. "तिकीट तपासनीस?"

"गल्लीत गं. माझ्या गल्लीत."

"हां, ती होय," पिंकी पुन्हा खिडकीला टेकली. "मला वाटलं, खरंच कुणी आलं."

खरंच कुणी आलं नव्हतं का? वर्षालीला या प्रश्नाचं हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. 'गल्ली शून्य' हे तिनं बांधलेलं संगणकातलं जग. त्यात चित्र नाही, रंग नाही, धावणारा माणूस नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बास. 'तू गल्लीच्या तोंडाशी आहेस. उजवीकडे पाण्याची टाकी, समोर कुत्रं झोपलंय.' असं जग सांगतं आणि थांबतं. मग आपण लिहायचं, 'उत्तर', की पाय उत्तरेकडे. लिहायचं, 'बघ', की डोळे उघडतात. आणि दोघं एकाच जागी भेटले तर 'म्हण' लिहून बोलायचं. मावसभावानं हिंजवडीतली नोकरी बदलली तेव्हा आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता. त्याच्या पडद्यावर मधोमध एक हिरवी रेघ कायमची होती आणि गेम लावला की तो धापा टाकायचा. धापा टाकणाऱ्या माणसाला पळवत नाहीत, त्याच्याशी बोलत बसतात; म्हणून तिनं बोलणारं जग बांधलं. व्हिडिओ बघून शिकली, चुकली, रडली, पुन्हा बसली. आणि बांधता बांधता तिला एक भलतीच गोष्ट कळली, की अक्षरांत वास ठेवता येतो. टाकीखालच्या शेवाळाचा, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा, पप्पांच्या निळ्या शर्टाचा. चित्रात हे कुठून येणार होतं? वर्गात 'हजर' एवढं म्हणतानाही जिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचा नाही आणि जी हजर असून गैरहजर लागायची, ती वर्षाली तिथं आभाळाला म्हणायची, ढगाळ हो, आणि आभाळ ढगाळ व्हायचं. असं रोज झालं की माणसाची मान आपोआप वर येते. महिन्याभरापूर्वी सरांनी विचारलं, आंतरशालेय प्रदर्शनात कोण काय मांडणार, तर वर्गातला सगळ्यांत मोठा आवाज तिचाच निघाला. तिची तीच दचकली. वर्गातल्या पिंकीबरोबर ती आज त्याच प्रदर्शनाला निघाली होती.

पाहुणा हलला. नाव न सांगता आत येणाऱ्या माणसाला जग 'पाहुणा' म्हणायचं. मालकिणीला मात्र फोनवर सगळं दिसायचं, कोण कुठं आहे, काय लिहितंय. पाहुण्यानं लिहिलं, 'आत जा की'. जग म्हणालं, 'हे मला कळलं नाही. दिशा सांग.' मग एक एक अक्षर शोधून लिहावं तसं आलं: 'उत्तर'. वर्षालीनं श्वास सोडला. गेला, बाई, गेला! कोण असेल? लिंक तिनं स्टेटसला टाकली होती. म्हणजे वर्गातलं कुणी? की वर्गातल्या कुणाचं नागपूरचं, नाहीतर थेट कॅनडातलं कुणी? ती मनातल्या मनात पाहुण्याबरोबर चालू लागली. आता टाकी. टाकीखाली वाकून बघ ना, तिथं मी चिंचा ठेवल्यात. पाहुणा वाकला नाही. आता इस्त्रीवाला. मग दिघीच्या लष्कराची ती लांबच लांब भिंत, जिच्यापाशी आल्यावर जग म्हणतं, 'पलीकडे काय आहे ते मलाही माहीत नाही. कधी कधी गोळीबाराचा आवाज येतो आणि सगळे पोपट उडतात.' भिंतीपाशी पाहुणा बराच रेंगाळला. त्यानं 'बघ' लिहिलं, पुन्हा 'बघ' लिहिलं. जणू वाचून झालेलं परत वाचत होता. वर्षालीला एवढा आनंद झाला की तिनं पिंकीचा हात दाबला.

"अगं, दोनदा बघतोय!"

"तू ते दार काढलंस का पण?" पिंकीला व्यवहार सुचत होता. "सर काय म्हणाले काल? न उघडणारं दार दिसलं की परीक्षकांना वाटणार, प्रोजेक्ट बंद पडलंय. पोस्टरपण माझंच वाकडं, दारपण बंद. बक्षीस काय, चहापण नाही मिळणार आपल्याला."

वर्षालीनं दप्तराचा पट्टा घट्ट ओढला. काल रात्रीपासून ती हेच टाळत होती. दार काढायचं म्हणजे एका ओळीचं काम. पण दाराच्या पलीकडे जी खोली होती, ती लिहायला तिला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली होती आणि ती अजून कुणालाही दाखवलेली नव्हती. भिंतीच्या कडेनं पूर्वेला गेलं की एक शेड लागायची. 'पत्र्याची शेड. दाराच्या दोन बाजूंना दोन हिरवी बटणं, एका माणसाचे हात पुरणार नाहीत इतकी लांब. दोन्ही एकदम दाबली तरच दार उघडेल.' बांधताना तिनं चाचणी घेतली होती, एकदा लॅपटॉपमधून आणि एकदा फोनमधून शिरून, दोन्हीकडे आपणच, आणि दोन्ही बटणं दाबून पाहिली होती. दार उघडलं होतं. पण तिला काडी घातल्यासारखं वाटलं होतं आणि तिनं ते परत कधी केलं नाही.

काडी. हा शब्द मनात आला की ती घाईनं दुसरंच काही आठवायला लागायची.

ही बटणं तिच्या कल्पनेतली नव्हतीच. तिचे पप्पा, साहेबराव, उदगीरकडून भोसरीला आले ते प्रेस शॉपमध्ये लागले. वरून टनावारी वजन खाली येतं आणि पत्र्याची क्षणात दरवाजाची बिजागरी होते, असं ते यंत्र. ती लहान असताना खंडेनवमीला कंपनीनं घरच्यांना आत घेतलं होतं. एरवी ज्या गेटातून पप्पा दिसेनासे व्हायचे, त्या गेटातून ती नवा फ्रॉक घालून आत गेली. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढ्यात फोडलेले नारळ. तेलाचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास, जो तिला पुढे कुठंच भेटला नाही. आणि एक गारवा. हा गारवा तिला नेहमी आठवायचा, पण तो कुठला, अंगाला कुठं लागलेला, ते काही केल्या सापडायचं नाही. पप्पांनी तिला बंद यंत्रापुढं उभं केलं, तिचे दोन्ही तळवे दोन हिरव्या बटणांवर ठेवले, वर आपले ठेवले. "दोन्ही हात हितं आसल्याबिगर ही बया हालत न्हाई," ते म्हणाले. "का सांग? हात हितं आसले म्हंजे तिच्या तोंडात न्हाईत." तिला ते फार आवडलं होतं. एवढं मोठं धूड, आणि आपल्या हातांची काळजी करतं.

पुढच्याच वर्षी पप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरात सांगितलं गेलं, मशीन डबल पडली, म्हणजे आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, आईनं भाकरी कुस्करून देणं काही महिन्यांनी थांबवलं, आणि त्या गोष्टीवर सगळ्यांनी मिळून एक पांघरूण घातलं. पण एका गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीदिवशी, समाधानकाका आले होते. पप्पांचे जुने जोडीदार. जिन्यात चपला घालता घालता ते हळू म्हणाले, "काडी तूच घातली हुतीस, साहेबराव. मला म्हाईत हाय. म्या कुठं बोललो न्हाई, पण तू मनात किती दिस ठिवणार?" वर्षाली वरच्या पायरीवर होती. पप्पा नुसते जिन्याचा कठडा पुसत राहिले, त्याच हातानं. काडी म्हणजे आगपेटीची काडी. ती एका बटणाच्या फटीत खुपसली की बटण दाबलेलंच राहतं, यंत्राला वाटतं हात आहे. मग तो मोकळा हात पत्रे भराभर सरकवतो आणि शिफ्टचं काम शिफ्टच्या आधी उरकतं. सगळेच घालायचे. त्या दिवशी पप्पांनी का घातली, कुठं लवकर पोचायचं होतं, हे तिला माहीत नव्हतं. शाळेचं गॅदरिंग त्याच आठवड्यात होतं, एवढं मात्र तिनं कधीतरी जुळवलं होतं आणि जुळवल्यावर उठून पाणी प्यायली होती.

"अय्या," पिंकी आता तिच्या खांद्यावरून वाचत होती. "तुझा पाहुणा दाराशी गेला बघ."

पाहुण्यानं लिहिलं होतं: 'बटन दाब'. जगानं उत्तर दिलं: 'एक बटण दबलं. दुसरं वाट बघतंय.' पाहुण्यानं दुसरं दाबलं. 'पहिलं सुटलं.' पुन्हा पहिलं. 'दुसरं सुटलं.' बस धक्का देऊन एक हातभर पुढे सरकली आणि परत थांबली. पाहुणाही थांबला. तो गेला असावा असं वर्षालीला वाटलं आणि हायसं वाटायच्या आतच तिला वाईट वाटलं. मग अक्षरं आली.

'काडी घाल'.

"काडी?" पिंकी खिदळली. "कसली काडी? खुळंच आहे हे कोणतरी. कानात घालतोय का?"

पण जग खिदळलं नाही, 'हे मला कळलं नाही' असंही म्हणालं नाही. कारण हे उत्तर वर्षालीनं लिहून ठेवलं होतं. का लिहिलं होतं? कुणी ही आज्ञा देणार नव्हतं. हे शब्द जगात फक्त प्रेस शॉपमधल्या माणसाला सुचले असते. विहिरीत वाकून एखादं नाव घ्यावं, कुणी ऐकणार नाही अशा खात्रीनं, तसं तिनं ते लिहिलं होतं. आणि आता काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटली:

'इथं काडी चालत नाही. घाईपण नाही. हात दुखले तर खाली घे. दुसरं माणूस येतंय.'

आज गुरुवार. पप्पा घरी. पलंगावर आडवे पडून, फोन छातीवर धरून ते सगळ्यांचे स्टेटस बघतात, एकही सोडत नाहीत, आणि प्रत्येकाला अंगठ्यानं बदाम पाठवतात. डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत लिहितात. भिंतीपाशी दोनदा 'बघ' म्हणणारा माणूस कॅनडात नव्हता; तो दिघीत त्याच भिंतीशेजारी, तिच्याच पांघरुणावर पडलेला होता. आणि त्याला आता कळलं होतं की तिला कळलेलं आहे. हे काय करून बसले मी, ती मनात म्हणाली. पांघरूण माझ्या हातानं ओढलं. आणि दाराआड तर याहून कठीण होतं. आत तिनं खंडेनवमी लिहिली होती. माळा लिहिल्या होत्या, आणि लिहिलं होतं, 'पप्पा दहा बोटांनी पेढ्यांचा खोका उघडतात.' दहा. मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, एकटीनं वाचायला. ज्याची आठ आहेत त्यानं ते वाचलं तर त्याला काय वाटेल? बक्षिसासारखं वाटेल की थोबाडीत मारल्यासारखं? तिचा अंगठा दाराच्या ओळीवर गेला. खोडून टाक. एका ओळीचं काम. सरही खूश, पिंकीही खूश. दार नाही, शेड नाही, 'इथं काही नव्हतं' असं जग बिनदिक्कत सांगेल. जगाला खोटं बोलायला शिकवणं सगळ्यांत सोपं असतं, तेही तिला बांधतानाच कळलं होतं.

पडद्यावर नवी ओळ आली.

'पाहुणा म्हणतो: वर्षे तुला म्हाईत होतं व्हय'

पिंकीचं हसणं विझलं. तिनं वर्षालीच्या तोंडाकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि हळूच विचारलं, "तुझे पप्पा आहेत?" वर्षालीनं मान हलवली. पिंकीनं वाकडं पोस्टर स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली; तिला एवढं शहाणपण होतं.

बोलायचं तर त्याच जागी असावं लागतं, हा नियम तिनंच केलेला. मालकिणीला एका शब्दात कुठंही उडी मारता यायची. पण तिला उडी मारावीशी वाटेना. ती गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि पायी निघाली. उत्तर. कुत्रं झोपलेलं. उत्तर. टाकी, चिंचा. इस्त्रीचा कोळसा. भिंत. पूर्व. 'पाहुणा इथं उभा आहे,' जग म्हणालं.

'मालकीण म्हणते: हो. जिन्यात ऐकलं होतं.'

कंटेनरनं हॉर्न दिला. कुणीतरी कंडक्टरला म्हणत होतं, "मास्तर, हितंच उतरून चालत जावं का चाकणला? ट्रॅफिकच्या आधी पोचीन."

'पाहुणा म्हणतो: मंग बोललीस का न्हाईस'

'मालकीण म्हणते: तुम्ही बोलला नाहीत म्हणून.'

वर्षालीला मनात दिसलं, पप्पा फोन छातीवर उलटा ठेवून पंख्याकडे बघताहेत. आई आत कुकर लावतेय. आठ बोटं छातीवर पसरलीत. तिला वाटलं, लहानपणी गर्दीत आपण त्यांची दोन बोटंच धरायचो, अख्खा हात आपल्या मुठीत मावायचा नाही म्हणून. ती धरायची बोटं कोणती होती? तीच होती का?

'पाहुणा म्हणतो: ये की मग. येक बटन मी धरलो'

तिनं लिहिलं, 'बटण दाब', आणि नेमकं त्याच वेळी बस सुटली आणि रेंज गेली. गोल गोल फिरणारं चिन्ह. ती पुटपुटली, "ए, आत्ता नको ना, प्लीज." रेंज आली. 'पहिलं सुटलं.' पुन्हा. ती पोचली तर तिकडचं सुटलेलं, तिकडचं दबलं तर इकडे बसचा खड्डा आणि अंगठा भलत्याच अक्षरावर. 'बतण दाब'. 'हे मला कळलं नाही.' पप्पांनी लिहिलं, 'हळू. घाई न्हाई म्हणून तूच लिवलीस न्हवं.' तिला हसू फुटलं, ओलं, नाकातून आलेलं. पिंकीनं न बघता रुमाल पुढे केला. तिनं दोन्ही कोपरं दप्तरावर रोवली, श्वास धरला आणि त्यांच्या ओळीची वाट पाहिली. 'धरलो.' तिनं दाबलं.

'दोन्ही बटणं दबली. दार उघडलं.'

आणि मग ती खोली, तिचे शब्द, तेल आणि उदबत्ती, झेंडू, फोडलेला नारळ, नवा फ्रॉक, आणि पप्पा दहा बोटांनी पेढ्यांचा खोका उघडतात, सगळं दोघांच्या पडद्यांवर एकाच वेळी खाली सरकत गेलं. तिनं डोळे मिटून घेतले. बस आता चांगली चालली होती, वारा आत येत होता, पोस्टरचा कोपरा फडफडत होता. आपण लिहिलेलं कुणी वाचतंय, याला एक आवाज असतो असं तिला वाटलं. चुलीवरचं पाणी उकळायच्या आधी करतं तसा. डोळे उघडले तेव्हा ओळ आलेली होती.

'पाहुणा म्हणतो: पेढे नव्हते. सोनपापडी होती. पेढे कंपनीनं कदीच दिले न्हाईत'

आणि थोड्या वेळानं, खाली:

'पाहुणा म्हणतो: हात बराबर लिवलीस'

वर्षाली मोठ्यानं हसली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. "सोनपापडी!" ती पिंकीला म्हणाली, आणि पिंकीला काही कळलं नाही तरी तीही हसली. "उघडलं ना? मग आता काढू नको ते दार. सरांना मी सांगते. एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला मी. दाबा म्हणावं, कसं नाही उघडत बघू." वर्षाली ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिनं पेढे पुसले, सोनपापडी लिहिली, दहा बोटं तशीच राहू दिली. मग तिच्या मनात आलं ते तिनं जास्त विचार न करता केलं: पाहुण्यापुढचा 'पाहुणा' हा शब्द काढला, तिथं 'साहेबराव' लिहिलं, आणि त्याला बांधायची मुभा दिली; 'बांध' लिहून पुढे वाक्य लिहिलं की ते जगात उभं राहतं, हेही कळवलं. या जगात ती मुभा आजवर फक्त तिला होती. आता इथं असं काही घडू शकत होतं, जे तिला आधी माहीत नसेल. या विचारानं तिला जरा गरगरलं, उंच पाळण्यात गरगरतं तसं.

मोशी मागे पडली. तिनं एकदा सहज 'बघ' लिहिलं. माळा, नारळ, सोनपापडी. आणि अगदी शेवटी एक ओळ, जी तिची नव्हती:

'उगवतीला येक दार हाय.'

तिनं हे दार केलं नव्हतं. पलीकडे काय असेल? स्टोअरमधलं त्यांचं स्टूल? दवाखाना? त्या दिवशीचं गॅदरिंग, ज्याला ते पोचले नाहीत? तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं लिहिलं, 'पूर्व'.

जग थोडं थांबलं. मग त्यानं तिच्याशी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या आवाजात बोलायला सुरुवात केली:

'काम चालू हाय, आजून लिवलालो. मशीनपुढं आलीस तर चपला बाहीर काढ. त्या दिवशी बी काढायला लावलो होतो तुला. फरशी गार हाय.'

गारवा. वर्षालीच्या तळपायांना तो आधी कळला, मग तिला. तिनं फोन घट्ट धरला आणि सीटखाली, कुणाला दिसणार नाही असा, एक पाय शाळेच्या बुटातून बाहेर काढला. मग दुसरा.